दाढ दुखतेय म्हणून मशेरी लावायला सांगणारा मेसेज पुढे ढकलू नका

सगळ्या फॅमिली ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. अक्कलदाढ काढली की डोळ्यांची नस दुखावते आणि नजर अधू होते, त्यापेक्षा चार दिवस मशेरी लावा, लवंगेचं तेल सोडा, डेंटिस्ट लोक नुसते पैशासाठी दाढा उपटतात, वगैरे. माझ्या मावशीने तो वाचून कॉलेजात जाणाऱ्या लेकीला खरंच मशेरी लावायला लावली, आणि पोरीचा गाल टम्म सुजला, तोंडात चमचाही जाईना, तेव्हा कुठे यांना डॉक्टर आठवले. डोकंच फिरलं माझं.

डोळ्यांचं आधी उरकते. दिसण्याची नस वेगळी, दातांची वेगळी. खालच्या दाढेजवळून ज्या नसा जातात त्यांना धक्का लागला तर ओठ, हनुवटी किंवा जीभ बधिर होऊ शकते, बहुतेकांची काही आठवड्यांत-महिन्यांत पूर्ववत होते. हा धोका खरा आहे, म्हणून तर आधी एक्स-रे काढतात. पण नजरेशी काही संबंध नाही.

आता मशेरी. अहो, तंबाखू आहे तो, तव्यावर काळाकुट्ट होईस्तोवर भाजून कुटलेला! हिरडीवर घासला की निकोटिन तिथूनच रक्तात जातं, जरा बरं वाटतं, आणि मग दाढ दुखो न दुखो, हात डबीकडे जातोच. गावाकडच्या बायकांना विचारा, कितीतरी जणी सांगतील की दात दुखत होता म्हणून सुरू केली ती आजतागायत सुटली नाही. बिनधुराच्या तंबाखूने तोंडाचा कॅन्सर होतो हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने कधीच स्पष्ट सांगितलंय, आणि तुम्ही ते विशीतल्या पोरीला औषध म्हणून देता? शिवाय अर्धवट वर आलेल्या दाढेवर हिरडीची झाकणी असते, तिच्याखाली अन्न अडकून पू होतो, त्यात ही पूड कोंबायची म्हणजे घाणीत भर. तो पू जबड्याखाली, गळ्याकडे उतरला तर श्वास अडकू शकतो. तोंड उघडत नसेल, गिळवत नसेल, ताप असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा, घरी बसायचं नाही.

लवंगतेलाने घटकाभर बधिर होतं, डेंटिस्टही तात्पुरत्या सिमेंटमध्ये लवंगेतलंच युजेनॉल वापरतात, पण त्याने इन्फेक्शन जात नाही आणि नुसतं तेल ओतलं तर हिरडी भाजते.

पैशाचं म्हणाल तर थोडं तथ्य आहे, मान्य करावं लागतं. कुठले उपचार करावेत हे सांगणाऱ्या ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २००० सालीच सांगितलंय की अडकलेली दाढ निरोगी असेल, त्रास देत नसेल तर उगाच काढू नका. त्यामुळे न दुखणाऱ्या चारही दाढा एकदम काढा असं कुणी म्हणालं तर एक्स-रे घेऊन खुशाल दुसऱ्या डेंटिस्टला दाखवा. पण वारंवार सूज, पू, पुढच्या दाढेला कीड असेल तर काढावीच लागते. मावशीच्या लेकीची आडवी होऊन पुढच्या दाढेत घुसली होती आणि तीही किडायला लागली होती, तिथे मशेरी काय करणार होती?