सात दिवसांत नवं नख येत नाही

गेल्या पावसाळ्यापासून आमच्या पवनी तालुक्यात गावोगावच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतो आहे. बचत गटाच्या ग्रुपवर आला, भजनी मंडळाच्या आला, मला एकट्याला चार जणांनी पाठवला. मजकूर थोडक्यात असा: पायाचं नख पिवळं, जाड झालं म्हणजे बुरशी. ती अंगातल्या उष्णतेनं आणि रक्तातल्या घाणीनं होते. लसूण ठेचून त्यात खायचा चुना कालवा, रात्रभर नखावर बांधा, सात दिवसांत बुरशी मुळासकट जाते. फारच सडलं असेल तर नख उपटून टाका, नवं चांगलं येतं. डॉक्टरच्या गोळ्या घेऊ नका, लिव्हर जातं.

मी गावात मेडिकल चालवतो. हा मेसेज मी वाचून सोडून दिला असता, पण रोवणी संपता संपता एक काका दुकानात आले. अंगठ्याला कापड गुंडाळलेलं. सोडून पाहिलं तर नखाभोवतीची कातडी पांढरी पडून सुटलेली, खाली लालभडक मांस, कडेला पाणी भरलेला फोड, आणि लसणाचा वास. "दुखत नाही का काका?" म्हटलं तर म्हणाले, "नाही जी, काहीच नाही लागत. म्हणून तं तीन रात्री बांधलो." त्यांच्या त्या 'काहीच नाही लागत'नं माझ्या पोटात गोळा आला. काकांना कितीतरी वर्षांपासून शुगर आहे. पायाला चटका बसलेला कळणंच बंद झालं होतं.

म्हणून आधी त्या लेपाचं बोलतो. ठेचलेला कच्चा लसूण कातडीवर तासन्‌तास बांधून ठेवला की कातडी भाजते. चुना तर स्वतःच भाजणारा, ओला करून कापडाखाली दाबला की आणखीच. लसणाच्या अर्कानं प्रयोगशाळेत बुरशी मरते, हे खरं आहे. पण तिथे ती काचेच्या बशीत उघडी असते. पायात ती नखाच्या थरांत आणि नखाखालच्या कातडीत बसलेली असते. वरून बांधलेला लेप तिथपर्यंत पोचतच नाही, भोवतालची चांगली कातडी तेवढी जाळतो.

आता ते सात दिवस. पायाचं नख महिन्याला साधारण दीड मिलिमीटर वाढतं, अंगठ्याचं पूर्ण नख मुळापासून टोकापर्यंत नव्यानं यायला वर्ष ते दीड वर्ष लागतं. बुरशीनं खराब झालेला भाग पुन्हा चांगला होत नाही. तो हळूहळू पुढे सरकतो आणि आपण तो कापून टाकतो. सात दिवसांत नख अर्धा मिलिमीटरही पुढे सरकत नाही. औषध चालू केलेल्या माणसाला मी सांगतो, दर महिन्याच्या एक तारखेला नखाचा मोबाइलवर फोटो काढा. मुळाशी चांगल्या नखाची पट्टी दिसू लागली आणि महिन्यागणिक रुंद होत गेली, तर औषध लागू पडतंय.

रक्तातली घाण आणि उष्णता यांचा इथे काही संबंध नाही. ही बुरशी केराटिनवर जगते. नख, केस, कातडीचा वरचा थर ज्याचा बनलेला असतो, ते केराटिन. बहुतेक वेळा ती ट्रायकोफायटॉन रुब्रम जातीची असते आणि बाहेरून येते. दिवसदिवस बांधीतल्या चिखलात उभं राहून बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात, कातडी सोलते, तिथे बुरशी धरते आणि पुढे नखाखाली शिरते. घामेजलेले गमबूट, सगळ्या घराची नखं कापणारं एकच ब्लेड, दुसऱ्याची चप्पल, यातूनही ती पसरते. उष्णता म्हणून ताक पीत बसलेल्या माणसाच्या घरात दुसऱ्याचंही नख खराब होतं, ते यामुळे.

नख पिवळं, जाड म्हणजे बुरशीच, हे वाक्य मला सगळ्यात जास्त खुपतं, कारण ते वाचायला खरं वाटतं. खराब दिसणाऱ्या नखांपैकी जवळपास निम्म्यांतच बुरशी निघते. बैलाचा पाय पडलेला असतो, ढेकळाला ठेच लागलेली असते, बूट घट्ट असतो, सोरायसिस हा कातडीचा आजार असतो. आमच्या काकांचंच बघा. फोड बरा झाल्यावर त्यांना भंडाऱ्याला पाठवलं. नखाखालचा भुगा खरवडून घेतला, पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबात ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. बुरशी निघाली नाही, भुग्यातून बुरशी उगवते का ते पाहणाऱ्या कल्चर तपासणीतही नाही. डॉक्टरांनी मार लागल्याचं विचारलं तेव्हा काकांना आठवलं, दोन वर्षांपूर्वी वखरणीच्या वेळी बैलानं पाय दिला होता. बुरशी नसलेल्या नखासाठी माणसानं कातडी जाळून घेतली. खरवडून तपासणी करणं फार अवघड नाही. नागपूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजात, सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात त्वचारोग विभाग आहेत. आणि नखात काळी रेघ दिसली, ती रुंद होत चालली, तर बुरशी म्हणून घरी बसू नका. तो क्वचित कातडीचा कर्करोगही असू शकतो.

गोळ्यांबद्दल मेसेजमध्ये जे आहे त्यात थोडं खरं आहे, म्हणूनच लोक त्यावर विश्वास ठेवतात. पायाच्या नखासाठी नेहमी दिली जाणारी गोळी म्हणजे टर्बिनाफिन, मोठ्या माणसाला रोज २५० मिलिग्रॅम, १२ आठवडे. तिनं लिव्हरला इजा होऊ शकते, पण फार क्वचित. म्हणून डॉक्टर आधी रक्त तपासून लिव्हर कसं आहे ते पाहतात. आधीच काविळीचा त्रास असेल, मोहाची रोज लागत असेल, तर हे लपवू नका. आपल्या भागात सिकलसेल या रक्ताच्या आजाराचे रुग्ण बरेच, त्यांनीही आधी सांगावं. गरोदर बाईनं ही गोळी घेऊ नये. गोळी चालू असताना डोळे पिवळे झाले, लघवी गडद झाली, जेवणावरची वासना उडाली तर गोळी बंद करून त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. दुसरी गोळी इट्राकोनॅझोल. हृदय कमजोर असलेल्यांना ती चालत नाही, आणि कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांशी तिचं जमत नाही. हे सगळं डॉक्टरनं बघायचं असतं. म्हणून मी या गोळ्या चिठ्ठीशिवाय देत नाही, मग कोणी रागावून दुसऱ्या दुकानात गेलं तरी चालेल.

बारा आठवड्यांनी गोळी संपते तेव्हा नख अजून खराबच दिसतं. इथे लोक निराश होतात आणि लसणाकडे वळतात. औषध नखात त्यानंतरही काही महिने टिकून असतं, नख मात्र आपल्या चालीनं वाढतं. गोळीनं सगळ्यांचं नख पूर्ण सुधारतं असंही नाही, काहींना बुरशी पुन्हा होते. नुसत्या टोकाला थोडी लागण असेल तर ॲमोरोल्फिनसारखं नखावर लावायचं औषध पुरतं, तेही महिनोन्‌महिने लावावं लागतं. स्टेरॉइड मिसळलेली खाजेची ट्यूब मात्र मागू नका. खाज थांबते आणि बुरशी आतल्या आत पसरते.

नख उपटण्याचं एवढंच सांगतो की मूळ आणि खालची कातडी तशीच राहते, नवं नख त्याच बुरशीतून वर येतं. आणि घरी उपटलं तर जखम वेगळी.

दुखत नसेल तर उपचार घ्यायलाच हवा असं प्रत्येकाला नाही. शुगर असलेल्यांना मात्र हे लागू नाही. जाड नख बुटात दाबतं, भेग पडते, जंतू शिरतात आणि बधिर पायाला काही कळत नाही. अशा माणसाचे पाय घरच्यांनी रोज संध्याकाळी हातात घेऊन, उजेडात, बोटांच्या बेचक्यांसकट बघावेत. काकांच्या घरी आता त्यांची नात बघते. पाय धुऊन, बेचक्या कोरड्या कापडानं पुसून देते, आणि गमबूट उन्हात उलटे ठेवते.