पाचवा जॉर्ज ‘स्नेहमयी माता’ कसा झाला?

आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेल्या आठवड्यात एका ज्येष्ठ काकांनी तो जुनाच मजकूर पुन्हा टाकला: ‘जन गण मन’ हे गीत रवींद्रनाथ ठाकुरांनी इंग्लंडचा राजा पाचवा जॉर्ज याच्या स्वागतासाठी लिहिले, ‘भारतभाग्यविधाता’ म्हणजे तोच राजा, आणि या खुशामतीचे बक्षीस म्हणून त्याने कवीला नोबेल मिळवून दिले. एरवी मी असे मजकूर वाचून सोडून देतो. पण नववीतल्या भाचीने शाळेतल्या भाषणासाठी तो वहीत जसाच्या तसा उतरवून घेतला आहे हे कळल्यावर गप्प बसणे जमेना.

नोबेलचा मुद्दा तर हास्यास्पद आहे. राजा म्हणे नोबेल समितीचा अध्यक्ष होता! साहित्याचे नोबेल स्वीडिश अकादमी देते आणि त्या निवडीशी इंग्लंडच्या गादीचा काही संबंध नाही. १९१३ च्या त्या सन्मानामागे मुख्यतः इंग्रजी ‘गीतांजली’ होती आणि तिच्यात हे गीत नाही. रवींद्रनाथांनी त्याचे इंग्रजी रूपांतर केले तेच मुळी १९१९ साली, मदनपल्लीच्या मुक्कामात. ठाकूर घराणे ईस्ट इंडिया कंपनीचे आश्रित होते, या आरोपात आजोबा द्वारकानाथांपुरते थोडे तथ्य आहे, कारण त्यांनी कंपनीची नोकरीही केली आणि इंग्रजांबरोबर व्यापारही. परंतु ते १८४६ मध्ये वारले, कंपनीचे राज्य १८५८ मध्ये संपले आणि रवींद्रनाथ जन्मले १८६१ मध्ये.

आता प्रसंग पाहू. हे गीत प्रथम गायले गेले ते २७ डिसेंबर १९११ रोजी, काँग्रेसच्या कलकत्ता अधिवेशनात. राजा त्या शहरात पोचला ३० तारखेला. हे मान्य करावे लागेल की त्याच अधिवेशनात राजाच्या स्वागताचा ठराव झाला होता, कारण पंधरवड्यापूर्वीच दिल्ली दरबारात बंगालची फाळणी रद्द झाल्याची घोषणा झाली होती आणि नेमस्त पुढारी कृतज्ञतेने भारावले होते. राजाची स्तुती करणारे एक हिंदी गीतही त्याच दिवशी गायले गेले, मात्र ते दुसऱ्याचे होते. कलकत्त्याच्या इंग्रजांच्या वृत्तपत्रांनी दोन्हींची गल्लत करून बातमी छापली आणि शंभर वर्षांहून अधिक काळ आपण तीच चघळत आहोत. पुढच्याच महिन्यात हे गीत ब्राह्मो समाजाच्या ‘तत्त्वबोधिनी पत्रिके’त ‘भारत-विधाता’ या नावाने छापून आले आणि समाजाच्या माघोत्सवात उपासनागीत म्हणून गायले गेले.

पण मुख्य साक्ष गीताचीच आहे, आणि मजकूर पुढे पाठवणाऱ्यांनी पहिल्या कडव्यापलीकडे ते वाचलेले दिसत नाही. गीताला पाच कडवी आहेत. तिसऱ्या कडव्यात हा विधाता युगानुयुगे धावणाऱ्या यात्रिकांचा ‘चिरसारथी’ आहे, आणि चौथ्यात, काळोख्या रात्री मूर्च्छित पडलेल्या देशाला मांडीवर घेणारी ‘स्नेहमयी तुमि माता’ आहे. सेहेचाळीस वर्षांच्या, दाढीमिशा राखणाऱ्या पाचव्या जॉर्जला कोणता भाट ‘माते’ अशी हाक मारील? दुसऱ्या कडव्यात ‘सिंहासन’ आणि पाचव्यात ‘राजेश्वर’ हे शब्द आहेत, हे खरे, आणि आक्षेप घेणारे ते हमखास दाखवतात. पण निदान मराठी माणसाने तरी त्यावर अडून बसू नये. आपण ज्याला ‘पंढरीचा राणा’ म्हणतो त्यालाच पुढच्या श्वासात ‘विठूमाउली’ म्हणतो, आणि त्यात कोणत्याही बादशहाची खुशामत आहे असे आजवर कोणा वारकऱ्याला वाटलेले नाही.

कवीने मेहुण्याला लिहिलेल्या गुप्त पत्रात सारे कबूल केले, असेही हा मजकूर सांगतो. त्या पत्राची तारीख नाही की ते कुठे छापले आहे याचा पत्ता नाही. जे पत्र खरोखर उपलब्ध आहे ते १० नोव्हेंबर १९३७ रोजी पुलिनबिहारी सेन यांना लिहिलेले आहे. त्यात रवींद्रनाथ सांगतात की सरकारदरबारी वजन असलेल्या एका मित्राने राजाच्या जयगानाची मागणी केली, तिने ते चकित झाले आणि संतापलेही. उत्तरादाखल त्यांनी माणसाच्या भाग्याच्या त्या चिरंतन सारथ्याचा जयघोष लिहिला, आणि तो सारथी पाचवा, सहावा किंवा कोणताच जॉर्ज असू शकत नाही. कवीची स्वतःची, तारखेसह उपलब्ध असलेली ही साक्ष बाजूला सारायची असेल, तर तेवढ्याच तोलाचा पुरावा समोर ठेवावा.

उरलेल्या मुद्द्यांवर फार वेळ घालवण्याची गरज नाही. गीतात फक्त इंग्रजांचे प्रांत आहेत म्हणावे, तर ‘मराठा’ किंवा ‘द्राविड’ नावाचा प्रांत १९११ मध्ये अस्तित्वातच नव्हता. ‘सर’ हा किताब त्यांनी १९१५ मध्ये स्वीकारला, हे नाकारता येत नाही. जालियनवाला बागेनंतर, मे १९१९ च्या अखेरीस, व्हाइसरॉयला पत्र लिहून तो सोडला, एवढे मात्र मजकुरातून सोयीस्करपणे गळते. आणि सुभाषबाबूंच्या आझाद हिंद सरकारने ज्या ‘शुभ सुख चैन’ला राष्ट्रगीत मानले ते याच गीतावर बेतलेले आणि याच चालीवरचे आहे.

भाचीचे भाषण परवा आहे. वहीतले ते पान तिने फाडले आणि पाचही कडवी उतरवून घेतली. काकांनी माझ्या उत्तराला जोडलेल्या हातांचे चिन्ह पाठवले आहे. मूळ मजकूर अजून ग्रुपवर तसाच आहे.