बहिऱ्यांच्या बाकावर हाका

काल तिसरी खेप. फोंडा ते पणजी, धो धो पाऊस, बाणस्तारीला पाऊण तास बस अडकलेली. कशासाठी? तर कानाचं मशीन म्हणे ‘तयार’ झालंय.

आणि हे कळवलं कसं? फोन करून! चार मिस्ड कॉल. अहो, माझं मशीन तुमच्या ड्रॉवरात, मग मी फोन ऐकू कशाने, नाकाने? मेसेज टाकायला बोटं झडतात? वर काउंटरवरची मुलगी मलाच म्हणते, ‘काका, फोन उचलत जा ना!’ हेसुद्धा तिने मास्क खाली केला तेव्हा ओठांवरून कळलं.

पण नाव पुकारायची पद्धत बघा. दार लोटलेलं, आत एसी, आणि आतूनच कुणीतरी नाव घेतं. बाहेर बाकावर आम्ही सात जण, सगळे ठार नाहीतर अर्धे बहिरे, एकमेकांची तोंडं बघतोय. माझं नाव दोनदा घेतलं म्हणे. मग पुढच्याचं घेतलं. त्यालाही ऐकू आलं नाही, त्याच्या पुढच्यालाही नाही. शेवटी शिपाई बाहेर आला आणि आमच्यावरच डाफरला, लक्ष कुठे असतं म्हणून! बँकेत नंबराची लाल पाटी असते, इथे नको?

आत गेलो. पहिला प्रश्न, ‘बॅटरी बदलून बघितली?’ बारा वर्षं मशीन लावतोय मी. तेरा नंबरची बॅटरी, नारंगी स्टिकर काढायचं, मिनिटभर हवा खाऊ द्यायची, मग बसवायची. तुझ्या मिसरुडाच्या आधीपासून करतोय बाबा. म्हटलं, इथे एसीत ते चालणारच. बाहेर पडलं की नळीत पाण्याचा थेंब धरतो आणि आवाज गुदमरतो. तर म्हणे, ‘पाणी गेलं असेल तर वॉरंटीत बसत नाही.’ जूनपासून गोव्यात पाणी कशात गेलं नाही ते दाखव! चपलांना बुरशी, मिठाचं पाणी, पापड वातड. मशीन काय राजस्थानात ठेवू? रोज रात्री सिलिका जेलच्या डबीत निजवतो. निळे दाणे चार दिवसांत गुलाबी होतात, ते जुन्या तव्यावर भाजावे लागतात, त्यावरून बायकोची बोलणी वेगळीच.

हे सगळं सुनावत होतो आणि त्या पोराने बोलता बोलता मशीन माझ्या कानात सरकवलं. अरे देवा! हा कोण माणूस एवढा बोंबलतोय?

मीच.

बाहेरचे सहाही जण दारात उभे होते. म्हणजे माझं त्यांना ऐकू गेलं होतं. पोरगा हसून म्हणाला, ‘बरें आसा मरे काका, कांय जाल्लें ना.’ मुकाट्याने साफसफाईचे पाचशे मोजले.

जुन्या गोव्यापर्यंत शिट्टी वाजत होती, कंडक्टरची की कानातली कळेना. भोमला मशीन गप्प.

घरी बायको काहीतरी म्हणाली. ‘काय?’ तर म्हणे, ‘काही नाही, जाऊ दे.’ चष्मेवाल्याला कुणी म्हणतं का, नको बघूस, जाऊ दे? या दोन शब्दांनी माझं जेवढं डोकं फिरतं तेवढं त्या वॉरंटीनेही फिरलं नाही.

मशीन परत नेऊन द्यायचंय. झालं की फोन करतील.