फळांवरची चिलटे घरमाशीची पिल्ले नव्हेत

आंब्याचा मोसम सुरू झाला की मोबाइलवर एक संदेश फिरू लागतो. त्याचा आशय थोडक्यात असा: पिकलेल्या फळांवर घोंगावणारी चिलटे ही घरमाशीची पिल्ले असून काही दिवसांत ती मोठ्या माश्या होतात, ती फळाच्या गरातून आपोआप उपजतात, युरोपने आपला हापूस अडवला तो याच माशीमुळे, आणि सगळी चिलटे एकाच जातीची असल्यामुळे त्यांत भेद करत बसणे व्यर्थ आहे. यांतले एकही विधान खरे नाही. हा संदेश शाळकरी मुलांच्या हातीही पडतो आणि त्यांना स्वयंपाकघरातच सहज पाहता येण्याजोग्या एका सुंदर कीटकाविषयी चुकीचे काही शिकवून जातो, म्हणून त्याचा सविस्तर प्रतिवाद करणे मला आवश्यक वाटते.

पहिला दावा पिल्लांचा. पंख फुटलेली माशी, मग ती कोणत्याही जातीची असो, आकाराने वाढत नाही. कीटकाचे शरीर बाहेरून कठीण कवचात बंद असते. वाढायचे तर त्याला कात टाकावी लागते, आणि कोशातून बाहेर पडलेली प्रौढ माशी पुन्हा कधीही कात टाकत नाही. तिची सारी वाढ अळीच्या अवस्थेत उरकलेली असते. अळीला पोटभर अन्न मिळाले नसेल तर त्याच जातीची माशी थोडी लहान निपजते आणि शेवटपर्यंत लहानच राहते. घरमाशीचे बालपणही आपल्या डोळ्यांसमोर असते, पण ते शेणात आणि उकिरड्यावर वळवळणाऱ्या पांढुरक्या, बिनपायांच्या, बिनपंखांच्या अळीच्या रूपात. पंख असलेले घरमाशीचे पिल्लू अस्तित्वातच नाही.

शरीररचना पाहिली तर हा भेद अधिकच स्पष्ट होतो. केळ्यांवर येणारी परिचित चिलटे, ज्यांना काही भागांत केमरे म्हणतात, बहुतांशी ड्रॉसोफिलिडी या कुलातील असतात आणि त्यांतली सर्वांत प्रसिद्ध जाती म्हणजे ड्रॉसोफिला मेलॅनोगॅस्टर. तिची लांबी सुमारे अडीच मिलिमीटर, तर घरमाशीची सहा ते आठ मिलिमीटर. परंतु वर्गीकरण करणारा अभ्यासक लांबीवर विसंबत नाही. तो आधी पंख पाहतो. ड्रॉसोफिलाच्या पंखाच्या पुढच्या कडेची जाड शीर दोन ठिकाणी तुटलेली असते. घरमाशीची तशी तुटलेली नसते. घरमाशीच्या पंखातील एक लांब शीर टोकाजवळ एकदम पुढच्या बाजूला वळते. ड्रॉसोफिलात तीच शीर जवळजवळ सरळ कडेपर्यंत जाते. मागच्या पंखांच्या जागी उरलेली, उडताना तोल सांभाळणारी दोन गाठीदार संतोलके दोघींनाही असतात, पण घरमाशीत त्यांवर पंखाच्या बुडाशी असलेल्या मोठ्या खवल्यांचे झाकण असते, तर चिलटात ती उघडी दिसतात. शिवाय ड्रॉसोफिलाच्या शृंगिकेवरचा, म्हणजे डोक्यावरच्या स्पर्शिकेवरचा, केस फांद्या फुटलेल्या डहाळीसारखा असून त्याच्या टोकाला दुबेळके असते. शिरा कुठे तुटतात आणि कुठे वळतात, हे ती माशी कोशातून बाहेर येते तेव्हाच ठरलेले असते. वय वाढून चिलटाची घरमाशी होण्याची वाटच त्यात उरत नाही.

फळातून आपोआप उपजण्याचा समज जुना आहे. इटलीतील फ्रान्चेस्को रेदी यांनी 1668 मध्ये झाकलेल्या आणि उघड्या भांड्यांतील मांसावर प्रयोग करून माश्या माश्यांच्याच अंड्यांतून येतात हे दाखवून दिले. चिलटाची मादी आंबू लागलेल्या किंवा साल फुटलेल्या फळावर सुमारे अर्ध्या मिलिमीटरची अंडी घालते. ओल्या गरात बुडालेल्या अंड्याला हवा मिळावी म्हणून त्यावर बारीक तंतू असतात. मेलॅनोगॅस्टरच्या अंड्यावर असे दोन तंतू असतात. 25 अंश सेल्सिअस तापमानात अंड्यापासून प्रौढ माशी तयार होण्यास साधारण दहा दिवस लागतात, आणि अळीचे मुख्य अन्न म्हणजे फळ आंबवणारे यीस्ट. चार दिवस टोपलीत पडून राहिलेल्या केळ्यांभोवती अचानक ढग दिसतो तो दुरून वासावर आलेल्या माश्यांचा. दहा-बारा दिवसांनी दिसतो तो बहुधा त्यांच्या संततीचा. या माश्या चावत नाहीत, मात्र त्यांच्या पायांवरून जंतू येऊ शकतात, तेव्हा कापलेले फळ झाकून ठेवावे हे बरेच.

हापूसचा दावा सर्वांत अन्यायकारक आहे. युरोपीय संघाने मे 2014 मध्ये भारतीय आंब्यावर बंदी घातली आणि 2015 च्या आरंभी ती उठवली, हे खरे आहे. त्या बंदीमागची फळमाशी मात्र टेफ्रिटिडी या निराळ्या कुलातली होती. आपल्या बागांत प्रामुख्याने आढळणारी बॅक्ट्रोसेरा डॉर्सालिस आकाराने घरमाशीएवढी असते, तिच्या छातीवर पिवळे पट्टे असतात आणि मादी सुईसारख्या अवयवाने झाडावरच्या फळाची साल भेदून आत अंडी घालते. कोकणातले बागायतदार मिथाइल युजेनॉल या गंधद्रव्याचे सापळे लावतात ते हिच्या नरांसाठी. केमरी त्या सापळ्यांकडे फिरकतही नाहीत. गोंधळ होतो तो मराठीत दोघींनाही फळमाशी म्हणण्यामुळे. चिलटांपैकीही एक अपवाद नोंदवलाच पाहिजे: ड्रॉसोफिला सुझुकी या जातीच्या मादीला करवतीसारखा दातेरी अंडनिक्षेपक, म्हणजे अंडी घालण्याचा अवयव, असतो आणि ती साल न फुटलेल्या, पिकलेल्या, मऊ सालीच्या फळांतही अंडी घालते. 2008 पासून अमेरिका आणि युरोपातील स्ट्रॉबेरी, चेरीच्या शेतकऱ्यांना तिने हैराण केले आहे.

आता शेवटचा आणि मला सर्वांत जिव्हाळ्याचा मुद्दा, सगळी चिलटे एकच असल्याचा. स्वीडनच्या कार्ल फ्रेडरिक फालेन यांनी 1823 मध्ये ड्रॉसोफिला ही प्रजाती (इंग्रजीत जीनस, म्हणजे निकटच्या जातींचा गट) स्थापन केली. आज तिच्यात दीड हजारांहून अधिक जाती आहेत, आणि त्यांतील शेकडो एकट्या हवाई बेटांवर आहेत. 1939 मध्ये आल्फ्रेड स्टर्टेव्हंट यांनी मेलॅनोगॅस्टर आणि तिच्या निकटच्या जातींसाठी सोफोफोरा ही उपप्रजाती मांडली. त्या गटातील अंड्यांवर सहसा दोन तंतू, तर ड्रॉसोफिला उपप्रजातीतील अंड्यांवर सहसा चार. आपल्याकडच्या टोपलीतच पाहा: पाठीवर चांदीसारख्या पांढऱ्या रेघा असलेले चिलट दिसले तर ती झॅप्रिओनस इंडियानस, 1970 मध्ये भारतातील नमुन्यांवरून वर्णन केलेली आणि मूळची आफ्रिकेतली जाती. तिची प्रजाती वेगळी मानली जाते, पण वंशवृक्षात तिची फांदी ड्रॉसोफिलाच्या फांद्यांच्या मधूनच फुटते. म्हणजे प्रजातीची आजची सीमा वंशावळीशी जुळत नाही. ती जुळवायला प्रजाती फोडली तर ड्रॉसोफिला हे नाव नियमानुसार फ्युनेब्रिस या नामधारक जातीच्या (जिच्याशी प्रजातीचे नाव कायमचे बांधलेले असते त्या जातीच्या) गटाकडे राहील आणि प्रयोगशाळेतली मेलॅनोगॅस्टर सोफोफोरा मेलॅनोगॅस्टर होईल. हे टाळण्यासाठी मेलॅनोगॅस्टरलाच नामधारक जाती करावी, असा प्रस्ताव प्राणिनामकरणाच्या आंतरराष्ट्रीय आयोगापुढे आला होता. 2010 मध्ये आयोगाने तो फेटाळला. तरीही बहुतेक संशोधक जुनेच नाव वापरतात, आणि मलाही तेच व्यवहार्य वाटते, कारण अमेरिकन आनुवंशिकीतज्ज्ञ थॉमस हंट मॉर्गन यांनी 1910 मध्ये पांढऱ्या डोळ्यांच्या नरावरून गुणसूत्रांवरील अनुवंशाचा जो धागा पकडला, तिथपासूनचे सारे वाङ्मय त्याच नावाखाली आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ओबैद सिद्दिकी यांनी याच माशीवर गंधज्ञानाचे आनुवंशिक संशोधन उभे केले.

दहापट मोठे दाखवणारे साधे भिंग घ्यावे आणि केळ्याच्या सालीवर बसलेल्या चिलटाची पाठ पाहावी. पांढऱ्या रेघा आहेत की नाहीत एवढे जरी पाहिले, तरी एका टोपलीत दोन प्रजाती सापडू शकतात.