‘फन हाउस’ला समीक्षकांनी गाडलं नव्हतं

अमेरिकेतल्या मिशिगनच्या स्टूजेस या रॉक बँडचा दुसरा अल्बम ‘फन हाउस’ १९७० च्या जुलैमध्ये आला. त्याच्याबद्दल एक कहाणी सगळीकडे फिरत असते: पोरांना वाजवता येत नव्हतं, स्टुडिओत घातलेला धिंगाणा तसाच टेपवर आला, समीक्षकांनी झोडपलं आणि पुढं पंक हा रांगडा, बंडखोर रॉक आल्यावर त्याला थोरपण चिकटवलं गेलं. ही कहाणी खोटी आहे.

आधी समीक्षकांचं बघू. रॉक समीक्षक लेस्टर बँग्ज यांनी ‘क्रीम’ या संगीत मासिकाच्या नोव्हेंबर आणि डिसेंबर १९७० अशा दोन अंकांत या अल्बमवर प्रदीर्घ लेख लिहिला, तोही बँडची बाजू घेऊन, हिरिरीनं. लंडनमध्ये पंकची लाट उसळायला तेव्हा अजून सहा वर्षं होती. नाकं मुरडणारे होतेच, पण पाठ फिरवली ती गिऱ्हाइकांनी. रेकॉर्ड खपली नाही आणि इलेक्ट्रा या रेकॉर्ड कंपनीनं पुढं बँडला सोडून दिलं. त्याचं खापर समीक्षकांच्या डोक्यावर कशाला?

दुसरा आरोप धिंगाण्याचा. निर्माते होते डॉन गलूची, ‘लुई लुई’ गाजवणाऱ्या किंग्जमेनचे कीबोर्डवादक. लॉस एंजेलिसच्या स्टुडिओत आधी रीतसर आडोसे लावून वाद्यं वेगवेगळी केली, तर आवाजातला जीवच गेला. मग आडोसे हटवले, सगळे एकाच खोलीत उभे राहिले, गायक इगी पॉपच्या हातात कार्यक्रमात असतो तसा माइक. पुढं प्रत्येक गाणं पुन्हा पुन्हा ध्वनिमुद्रित करून, टेकमागून टेक घासलं. त्या सत्रांचा सात सीडींचा संच १९९९ मध्ये निघाला, त्यात ही मेहनत उघड ऐकू येते.

वाजवता येत नव्हतं म्हणणाऱ्यांनी ‘डर्ट’ ऐकावं. सात मिनिटांचं संथ गाणं. डेव्ह अलेक्झांडरचा बास मोजक्याच सुरांवर फिरतो, स्कॉट अॅशटनचा ड्रम कुठंही घाई करत नाही, आणि रॉन अॅशटनची गिटार आली तरी लय जागची हलत नाही. इतक्या संथ लयीत ताण धरून ठेवायला हातावर ताबाच लागतो.

आणि स्टीव्ह मकेचा सॅक्सोफोन? रेकॉर्डची पहिली बाजू अख्खी संपली तरी तो नाही. दुसऱ्या बाजूच्या पहिल्या गाण्यात येतो आणि मग शेवटपर्यंत राहतो. ‘एल. ए. ब्लूज’ हा शेवटचा तुकडा मात्र खरंच निव्वळ कल्लोळ आहे. पण तो तिथंच शोभतो, आधीच्या सहा गाण्यांनी त्याची जागा कमावून ठेवलेली असते.