‘जळगावात कुठला समुद्र?’ या प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ,

एवढं सविस्तर लिहिलंत, आभार. तुमचे आक्षेप दोन. भाच्याने अंदमानात काढलेल्या फोटोतली समुद्री गोगलगाय मी फिलिडिया व्हॅरिकोसा म्हटली, पण ती क्रोमोडोरिस अ‍ॅनी आहे, मोबाइलमधलं अ‍ॅपही तेच म्हणतं. आणि जळगावात बसून समुद्रावर लिहू नये. दुसरा सोडून देतो. आपली तापीही शेवटी सुरतेपुढे समुद्रालाच मिळते!

निळा, काळा, पिवळा हे रंग दोघींकडे आहेत, म्हणून अ‍ॅप फसलं. हिरवं दिसलं म्हणून प्रत्येक वांगं बामणोदचं ठरत नाही. फोटो मोठा करून पाठ बघा: निळसर राखाडी कंगोरे आणि त्यांवर ओळीने उठलेले पिवळ्या टोकाचे फोड. क्रोमोडोरिसची पाठ गुळगुळीत असते, रेघा नुसत्या रंगाच्या.

‘कल्ले आत ओढून घेतले असतील’ हा तुमचा मुद्दा मात्र चांगला आहे. क्रोमोडोरिसच्या पाठीवर मागच्या बाजूला कल्ल्यांचा तुरा असतो आणि धक्का लागला की तो खिशात जातो. म्हणूनच तुरा दिसत नाही एवढ्यावरून मी नाव ठरवलं नव्हतं. फिलिडियाचे कल्ले पाठीवर नसतातच. ते खाली, पाय आणि अंगाची कड यांच्या मधल्या खाचेत असतात. मागे जी बारीक गाठ तुम्हाला खिसा वाटली, ते गुदद्वार आहे.

शंका घ्यायचीच तर फिलिडिया सेलेस्टिसची घ्या, ती खरोखर जवळची. तिथे तळवा बघावा लागतो. लामार्कने १८०१ साली नाव दिलेल्या व्हॅरिकोसाच्या तळव्यावर मधोमध काळी रेघ असते, सेलेस्टिसच्या नसते. दुसऱ्या फोटोत ती प्रवाळाच्या कडेवरून चढताना ही रेघ स्वच्छ दिसते.

‘मग हाताने उलटून बघायची’ हे मात्र पटलं नाही. छेडली की ती विषारी चिकट स्राव सोडते. हे विष तिला ती खाते त्या स्पंज नावाच्या समुद्री प्राण्यांतून मिळतं, आणि बंद टाकीत ठेवली तर सोबतचे मासे मरू शकतात. भाचा तिच्या चढण्याची वाट बघत थांबला, तेच बरं केलं.

अ‍ॅपला आता तो दुसरा फोटो दाखवा आणि काय म्हणतं ते इथेच कळवा.