शत्रूची बंदूक उचलताना

शत्रू पडला की आपली बंदूक टाकायची आणि त्याची उचलायची, हे परंड्याच्या स्टँडसमोरच्या हॉटेलात मोबाइलच्या गेमवर बोटं चालवून तुम्हाला पाठ झालंच आहे. आता सीमेवर निघण्यापूर्वी उरलंसुरलं ऐकून घ्या.

गोळ्यांचा घोर लावून घेऊ नका. दुसऱ्या महायुद्धात जर्मन शिपाई रशियन पीपीएसएच बंदुकीवर जाम खूश होते. का नसतील? त्यांच्या एमपी-४०मध्ये ३२ गोळ्या, हिच्या गोल डब्यात ७१. फक्त हिची गोळी ७.६२ मिलिमीटरची आणि त्यांची ९ची. अशा वेळी मागून येणारी आपली रसद कुचकामी; ज्याची बंदूक त्याच्याकडंच मागायचं. खंदकातून हाक मारा, "दाजी, गोळ्या सरल्या की वो, दोन मुठी टाका इकडं!" दाजी टाकतील. मुठीनं नाही, नळीतून. जर्मनांनी पुढं काही बंदुकांच्या नळ्या बदलून त्या ९ मिलिमीटरच्या करून घेतल्या म्हणा, पण ते पडले कारखानदार.

बेवारस काडतुसं दिसली तर खुशाल खिशात भरा. व्हिएतनाममध्ये अमेरिकेनं मुद्दाम बिघडवलेली काडतुसं शत्रूच्या साठ्यात सोडली होती. चाप ओढला की रायफल ओढणाऱ्याच्याच तोंडावर फुटायची. फुकटात दुसरं काय मिळणार!

रणगाडा हाती लागला तर उत्तमच. जर्मनांनी पकडलेल्या रशियन टी-३४ रणगाड्यांवर भलेमोठे क्रॉस रंगवले, कारण लांबून आपल्याच तोफखान्याला दिसतो तो फक्त आकार. तुम्ही 'आई-बाबांची पुण्याई' लिहा. गोळा येता येता वाचेल.

लुटीचा वारसा आपल्याकडं नाही असं कुणी म्हणालं तर समोरच्या किल्ल्याकडं बोट दाखवा. मलिक-ए-मैदान तोफ १५४९ साली अहमदनगरला ओतली, पुढं इथं परंड्यात होती. १६३२ साली विजापूरच्या मुरार जगदेवानं ती उचलून नेली. वजन साधारण ५५ टन. ४०० बैल आणि १० हत्ती लागले असं सांगतात. (एवढे बैल आता तालुक्यात निघायचे नाहीत. हत्तींचं तर सोडाच.) ज्या तोफेसाठी एवढा आटापिटा केला, तिचा १८५४ साली इंग्रजांच्या राज्यात दीडशे रुपयांना लिलाव झाला. मग कुणाला तरी लाज वाटली आणि तो रद्द झाला.

बैल नसले तरी ट्रॅक्टर आहे ना! २०२२ साली युक्रेनच्या शेतकऱ्यांनी रशियन चिलखती गाड्या ट्रॅक्टरला बांधून ओढत नेल्या, आणि पकडलेला रणगाडा उत्पन्नात दाखवायची गरज नाही, असं तिथल्या भ्रष्टाचारविरोधी संस्थेनं जाहीरही करून टाकलं. आपल्याकडं एवढ्यावर भागणार नाही. रणगाडा बांधावर उभा करा, तेवढ्या गुंठ्याची ई-पीक पाहणी उरकून घ्या आणि पिकाच्या रकान्यात 'इतर' टाका. अनुदान आलं तर शेजाऱ्याला सांगू नका, तोही सीमेवर निघेल.